बुधवारच्या वहीतलं नाव

“दोन्ही ओव्हरीजवर गाठी आहेत, आणि पोटात पाणी आहे,” डॉक्टर म्हणाले. सोनोग्राफीचा प्रोब अजून त्यांच्या हातातच होता. ते माझ्याशी बोलत नव्हते. टेबलावर पडलेल्या माझ्या बायकोशी बोलत होते. सुलभा चौतीस वर्षं नर्स होती आणि रत्नागिरीतल्या बऱ्याच डॉक्टरांना ते ठाऊक होतं.

तिने विचारलं, “पाणी किती?”

“बरंच आहे, सिस्टर.”

“मग कोल्हापूरच,” ती म्हणाली आणि पोटावरची जेल पुसायला तिने माझ्याकडे रुमाल मागितला.

मी रुमाल दिला. ओव्हरी म्हणजे बीजांडकोश, एवढं मला माहीत होतं. मी एका हायस्कुलात ग्रंथपाल होतो. शब्दांचे अर्थ मला बहुधा माहीत असतात. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, “घरी गेल्यावर आधी भात टाकते. उपाशी पोटी रडायचं नाही.” मी रडत होतो हे मला तेव्हा कळलं.

तिला जाऊन आता आठ महिने झाले. हे मी सावकाश लिहितो आहे, दिवसाला एखादा परिच्छेद. ज्यांच्या घरी आज अशी एखादी फाइल उघडली असेल, त्यांच्यासाठी लिहितो आहे. आजाराबद्दल लिहायचं आहे. आणि आजाराच्या काळात मी एक चूक केली, तिच्याबद्दलही लिहायचं आहे.

आधी आजाराबद्दल. तीन महिने तिला थोडं जेवलं की पोट भरल्यासारखं व्हायचं. साडी नेसताना कमरेला घट्ट वाटायचं. आम्ही ॲसिडिटी म्हटलं. ओवा झाला, जिरं झालं, कुळथाचं पिठलं बंद झालं. दुसऱ्या कुणी बाईने हे सांगितलं असतं तर सुलभाने तिला हाताला धरून तपासणीला नेलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ती थांबली. पोट फुगणं, भूक मंदावणं, वारंवार लघवीला जावं लागणं, हे दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही तर थांबू नका. एवढं वाचून कुणी सोनोग्राफी करून आलं तरी माझं लिहिणं कामी आलं असं मी समजेन.

कोल्हापुरात सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. सीटी स्कॅन झाला. सीए वन-ट्वेंटी-फाइव्ह नावाची रक्ताची चाचणी झाली. या आजारात रक्तात एक द्रव्य वाढतं, ते तिच्यात मोजतात. पोटातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं. चौथ्या दिवशी तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, “कॅन्सर आहे, स्टेज थ्री. म्हणजे बीजांडकोशातून पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरला आहे. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो.” सुलभाने मान डोलावली आणि विचारलं, “केस जातील ना?” “जातील.” “बरं झालं, तेलाचा डबा वाचला,” ती म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या. मी फाइलवरची अक्षरं वाचत राहिलो.

आता त्या वहीबद्दल सांगतो.

रत्नागिरीत आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे, तीसेक घरांची. दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते आणि तिथे आजारी माणसांची नावं वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. त्या नावांची एक वही आहे. अक्षर चांगलं म्हणून ती वही बावीस वर्षं माझ्याकडे आहे. तिचे नियमही मीच केले. नाव निळ्या शाईने लिहायचं. माणूस बरा झाला की पट्टी लावून लाल रेघ मारायची आणि समासात लिहायचं, ‘उपकारस्तुती’, म्हणजे देवाचे आभार. देवाघरी गेला की काळी रेघ. पान भरलं की फक्त हयात नावं पुढच्या पानावर उतरवायची. ग्रंथालयात पुस्तकं येतात-जातात त्याच शिस्तीने मी माणसांची ने-आण करत होतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

प्रार्थनाही मी लिहून काढत असे. उत्स्फूर्त बोलणं मला जमत नाही. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना माझ्याकडे असली की आदल्या दिवशी दोन पानं लिहायची, घासूनपुसून घ्यायची. लोक म्हणत, सरांची प्रार्थना ऐकत राहावीशी वाटते. सुलभाची प्रार्थना कुणी ऐकली नव्हती. ती पोळ्या लाटताना, गोळ्यांच्या डब्या भरताना पुटपुटायची. मी कान दिला तर एखादं नाव ऐकू यायचं. बस, नाव. पुढे काही नाही.

निदान झालं त्या बुधवारी मी वहीत लिहिलं, सुलभा. अक्षर नेहमीसारखं नीट आलं.

दर एकवीस दिवसांनी आम्ही पहाटेच्या एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचो. केमो म्हणजे शिरेतून सलाइनबरोबर दिलेलं औषध. आमच्या बाटल्या संपायला पाच-सहा तास लागत. जाणाऱ्यांनी एक शाल बरोबर ठेवावी, खोली गार असते. आल्याच्या वड्या ठेवाव्यात. आणि फाइलमधले कागद तारखेप्रमाणे लावावेत; डॉक्टर शोधत बसले की आपला जीव उगाच वरखाली होतो.

शेजारच्या खुर्चीवर जयगडच्या कमलताई असायच्या. त्यांचाही आजार तोच, तारखाही त्याच. नवरा होडीवर, सून बरोबर यायची. सुलभाचं सलाइन लागलं की मी खिशातून वही काढून प्रार्थना लिहायला बसायचो. दुसऱ्या खेपेला कमलताईंनी मला विचारलं, “काय वो सर, देवाला पत्र लिवताव काय?”

“पत्र कसलं,” सुलभा डोळे मिटूनच म्हणाली, “अर्ज करतात ते. विषय, संदर्भ, आपला विश्वासू.”

“मंग माजंपण नाव घाला त्यात. आमच्या गणपतीला मी सांगेन, तो काय रागवायचा नाय.”

सून हसली, नर्स हसली. मी वहीत कमलताईंचं नाव लिहिलं. पण ती माझी खिशातली वही. बुधवारच्या वहीत आमच्या मंडळीबाहेरचं नाव मी कधी घेतलं नव्हतं, आणि तेव्हाही घेतलं नाही.

त्या दिवशी परतीच्या एसटीत सुलभा म्हणाली, “रागावला नाहीत ना? मला एक सांगायचं होतं. ड्रेसिंगला जाताना मी कधी आधी ट्रेकडे बघितलं नाही. आधी पेशंटच्या तोंडाकडे बघायचं. तुम्ही प्रार्थनेला बसता ते ट्रे घेऊन. काय काय मागायचं ते सगळं मांडलेलं असतं. आधी त्याच्याकडे बघा तरी.”

मी म्हटलं, “देवाकडे बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं?”

“गप्प बसायचं,” ती म्हणाली. साखरपा गाव यायच्या आधीच तिला झोप लागली.

मी गप्प बसून पाहिलं. मला ते जमलं नाही. दोन मिनिटांत मनात वाक्यं जुळायला लागायची.

ऑपरेशन झालं. नंतरच्या तीन केमो झाल्या. शेवटच्या तपासणीत रक्तातलं ते द्रव्य नॉर्मलच्या आत आलं, सीटी स्वच्छ आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, “रिमिशन आहे. म्हणजे आजार आत्ता दिसत नाही. दिसत नाही म्हणजे गेलाच, असं मी म्हणणार नाही. दर तीन महिन्यांनी या.”

सुलभाने त्यांचं वाक्य पूर्ण ऐकलं. मी अर्धंच.

आमच्यात घरातलं कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं की घरी उपकारस्तुतीची सभा घेतात. मंडळी येते, गीतं होतात, घरचा कर्ता उभा राहून साक्ष देतो, म्हणजे देवाने काय केलं ते सांगतो, मग जेवण. मी तारीख ठरवली. सुलभा म्हणाली, “आत्ता नको. वर्ष जाऊ द्या.” मी म्हटलं, देवाचे आभार मानायला वर्ष कशाला थांबायचं? ती म्हणाली, “आभार रोज मानतेच आहे. जाहीर करू नका, एवढंच.”

मी जाहीर केलं. अंगणात खुर्च्या मांडल्या, पुलाव केला, आणि दोन पानांची साक्ष वाचली. ‘वैद्यकशास्त्राने हात टेकले तिथे देवाचा हात पुढे आला’ असं एक वाक्य होतं. ते खरंही नव्हतं. वैद्यकशास्त्राने कुठेच हात टेकले नव्हते. सहा केमो आणि सात तासांचं ऑपरेशन केलं होतं. पण वाक्य चांगलं वाटलं म्हणून ठेवलं. बायकांनी डोळे पुसले. सुलभा डोक्याला रुमाल बांधून सगळ्यांना कोशिंबीर वाढत होती.

त्या बुधवारी मी पट्टी घेतली आणि तिच्या नावावर लाल रेघ मारली.

सात महिन्यांनी तिच्या पोटात पुन्हा पाणी झालं.

रिकरन्स, डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणजे आजार परत आला. दुसरी औषधं सुरू झाली. ती लागू पडेनात. दर पंधरा दिवसांनी इथेच, रत्नागिरीत, टॅपिंग करावं लागायचं. टॅपिंग म्हणजे पोटात बारीक नळी घालून साठलेलं पाणी काढणं. पाणी काढलं की चार दिवस तिला जेवण जायचं.

मी वहीत तिचं नाव पुन्हा लिहिलं नाही.

पहिल्या बुधवारी ठरवलं, रिपोर्ट पक्का होऊ दे. दुसऱ्या बुधवारी ठरवलं, नव्या औषधाचा गुण कळू दे. मग आपोआप होत गेलं. कुणी विचारलं तर “थोडा अशक्तपणा आहे” म्हणायचो. सुलभा चर्चला येईनाशी झाली तेव्हा “ऊन सोसत नाही” म्हटलं. लोकांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मीच तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं. आता काय सांगू? आणि एखाद्याने म्हटलं असतं की सरांचा विश्वास कुठेतरी कमी पडला, तर? ते मला ऐकायचं नव्हतं.

सुलभाने एकदा विचारलं, “बुधवारी माझं नाव घेता ना?”

“घेतो,” मी म्हणालो.

सदतीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी इतकं सरळ खोटं कधी बोललो नव्हतो.

पावसाळा संपता संपता एका दुपारी विजयाबाई आल्या. त्या आमच्या भगिनी-सभेच्या प्रमुख. तोंड फार, पण मन चांगलं. नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन दारातूनच बोलत आल्या, “सलाम सिस्टर. बऱ्या होऊन बसलात ते बसलातच. आम्ही म्हटलं, आता आम्हाला विसरल्या. सभेला कोण येणार, आम्ही म्हाताऱ्यांनीच यायचं काय?”

मग त्यांनी सुलभाला पाहिलं. हात काटकुळे, पोट वर आलेलं. वड्यांचा डबा त्यांच्या हातातच राहिला.

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती म्हणाली, “अहो विजयाबाई, बसा ना. दुखणं परत आलंय. मीच यांना म्हटलं होतं, इतक्यात कुणाला सांगू नका म्हणून.”

ती मला झाकत होती. विजयाबाई रडल्या, तिचे पाय चेपत बसल्या, तासाभराने गेल्या. मी चहाचे कप विसळायला आत गेलो आणि बराच वेळ विसळत राहिलो.

बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, “चार महिने मी विचार करत होते, कुणीच कसं येत नाही. म्हटलं, माझं काही चुकलं असेल. कुणाला काही बोलले असेन.”

मी ओले हात पंच्याला पुसत राहिलो.

“तुम्हाला लाज कुणाची वाटली? देवाची की लोकांची?”

“साक्ष दिली होती,” मी म्हणालो. “खोटी पडली असती.”

“आजारी मी आहे,” ती म्हणाली. “तुमची साक्ष नाही.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती दमली होती. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, “आता प्रार्थना करा. लिहू नका.” मी तिचा हात धरून बसलो. खाली रस्त्यावर मासेवालीची हाक आली, ती पुढे गेली. बऱ्याच वेळाने मी एवढंच म्हणालो, “प्रभू, मी घाबरलो.” सुलभा म्हणाली, “आमेन.” आमच्या घरात मी न लिहिता केलेली ती पहिली प्रार्थना.

त्या बुधवारी मी वही घेऊन गेलो. घरून निघतानाच निळ्या शाईने तिचं नाव यादीच्या शेवटी लिहिलं होतं. लिहिलेली प्रार्थनाही सवयीने खिशात होती. नावं वाचत गेलो. शेवटचं नाव हळूच वाचलं.

शांतवनकाका पहिल्या बाकावर बसतात. आयुष्यभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली, त्यात कान गेले. दर बुधवारी ते प्रत्येक नाव दोनदा वदवून घेतात आणि आम्ही मनातल्या मनात वैतागतो.

“कोण?” ते म्हणाले. “ऐकू नाही आलं.”

“सुलभा.”

“कुठली सुलभा? आपली सिस्टर तर बरी झाली ना? लाल रेघ मारलीत की तुम्ही.”

“तीच, काका,” मी मोठ्याने म्हणालो. इतक्या मोठ्याने मी त्या खोलीत कधी बोललो नव्हतो. “माझी सुलभा. आजार परत आला. चार महिने झाले. मी तुम्हाला सांगितलं नाही. तिचं नाव इथे घेतो, असं तिलाही खोटं सांगितलं.”

खिशातला कागद मी काढला नाही. कुणीच काही बोललं नाही. त्या शांततेची मला फार भीती होती. माणसं मनात काय म्हणत असतील, याची. पण खरंच त्या शांततेत बसलो तेव्हा तिथे मला कुणी काही म्हणत नव्हतं. सगळी माणसं एका नावापाशी थांबली होती. सुलभा पोळ्या लाटताना काय करायची, ते मला तिथे कळलं. ती नाव घ्यायची आणि त्या माणसाला घेऊन देवापुढे थांबायची. पुढचं त्याच्यावर सोडायची.

मग काकांनी प्रार्थना केली. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते ओरडून करतात. “देवबापा, आमची सिस्टर दुखण्यात आहे आणि आम्ही तिकडे गेलो नाही. आम्हाला माफ कर. उद्या जातो.”

बाहेर आमचे पाद्री, पाळकसाहेब, माझ्याजवळ आले. मी काही बोलण्याआधी म्हणाले, “सर, ती उपकारस्तुती चुकीची नव्हती. त्या दिवशी आभार मानण्यासारखं होतंच. फक्त त्यानंतर आम्हाला दार बंद केलंत.” एवढं बोलून त्यांनी माझी छत्री उघडून दिली.

दुसऱ्या दिवशी काका खरंच आले, घावन घेऊन. मग रोज कुणी ना कुणी आलं. कुणी पेज आणली, कुणी चादरी धुऊन दिल्या. ज्यांच्या घरी दुखणं आहे त्यांना मी हात जोडून सांगतो, लोकांपासून लपवू नका. बरं वाटत असेल तर तसं सांगा, पुन्हा बिघडलं तर तेही सांगा. देवाला स्वतःची बाजू सांभाळून घ्यायला कुणी लागत नाही. मी चार महिने ते काम अंगावर घेतलं आणि त्याची किंमत सुलभाने एकटेपणात मोजली.

पुढे दोन महिने होते. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, “आता केमो थांबवू या. पॅलिएटिव्ह केअर देऊ.” म्हणजे आजारावरचे उपचार थांबवून फक्त वेदना आणि त्रास कमी करायचा. सुलभाने विचारलं, “मॉर्फिन मिळेल ना?” मिळालं.

रोज सकाळी आम्ही अर्धा तास बसायचो. ती पडून, मी खुर्चीत. ती एक नाव सांगायची आणि आम्ही थांबायचो. मग दुसरं. तिच्या वॉर्डमधले जुने पेशंट, आमचा मुंबईचा मुलगा, सोनोग्राफीचे डॉक्टर. रोज मला देव जवळ आहे असं वाटलं, असं मी सांगणार नाही. काही सकाळी फक्त शेजारचा मिक्सर ऐकू यायचा. पण मी उठून जात नव्हतो, आणि हळूहळू मला उठावंसं वाटेनासं झालं. आधी मी मागण्यासाठी बसायचो. आता नुसता बसायचो. एकदा तिने विचारलं, “आज काय मागितलंत?” मी म्हटलं, “काही नाही. तू होतीस, तो होता.” ती म्हणाली, “जमलं मग.”

एका सकाळी तिने कमलताईंचं नाव घेतलं आणि विचारलं, “बुधवारच्या वहीत आहे का त्यांचं?” मी म्हणालो, “नाही. मंडळीतल्या नाहीत म्हणून.” तिने उशाजवळचं पेन माझ्यापुढे केलं. मी उठलो, वही आणली आणि तिच्यासमोर लिहिलं, कमलताई, जयगड.

नाताळच्या आधी एका सकाळी, मुलगा तिच्या ओठांना ओला कापूस लावत असताना, ती गेली. तिच्या बिछान्याभोवती अकरा माणसं होती. काका ओरडून गात होते, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी मी वही उघडली. काळी शाई आणि पट्टी समोर ठेवली होती. ती उचलली नाही. पान भरलं होतं म्हणून नवं पान घेतलं आणि नावं उतरवली. मागच्या पानावर तिचं नाव तसंच आहे. वर लाल रेघ मारलेलं एक, खाली रेघ नसलेलं एक. आता मी कुठल्याच नावावर पट्टी लावत नाही. प्रार्थना लिहून काढायचंही सोडलं आहे. लोक म्हणतात, सरांची प्रार्थना फार आखूड झाली. खरं आहे.

गेल्या बुधवारी दुपारी जयगडहून फोन आला. कमलताईंचा आवाज बारीक झाला होता. त्यांचंही पुन्हा सुरू झालं होतं, दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जायचं होतं. सुलभाची त्यांनी आठवण काढली, थोडं रडल्या, थोडं हसल्या. मग म्हणाल्या, “सर, माजं नाव हाय ना वहीत?”

“थांबा हं,” मी म्हणालो. फोन कानाशी धरूनच उठलो, कपाटातली वही काढली, पान उघडलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं.

“आहे,” मी म्हणालो.